गोष्टीतली मुले आणि बाकावरची मुले

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

‘पुढील पात्राचे स्वभावचित्रण करा.’ मराठीच्या प्रश्नपत्रिकेतील हा प्रश्न आपण सर्वांनी कधी ना कधी सोडविलेला आहे, आणि त्याचे उत्तरही आपल्या सर्वांचे जवळजवळ एकच आहे. पात्र प्रेमळ असते, कष्टाळू असते, प्रामाणिक असते आणि शेवटी जिद्दी असते. ही चार विशेषणे श्यामला लावली तरी चालतात, श्यामच्या आईला लावली तरी चालतात, आणि एखाद्या शास्त्रज्ञाच्या चरित्रातील उताऱ्याला लावली तरी गुण कापले जात नाहीत. गाइडात ती छापलेलीच असतात. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षक त्यांना गुण देतो, आणि गोष्टीतला मुलगा मात्र दोघांनाही न भेटता निघून जातो.

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना त्यांच्याच वयाच्या पात्रांचा अभ्यास कसा करावयास शिकवावा, आणि तसा तो शिकविणे का जरुरीचे आहे, हा या लेखाचा विषय आहे. मी अध्यापनशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मात्र गेल्या दिवाळीपासून दोन मैत्रिणींसह मी आमच्या वस्तीतील समाजमंदिरात आठवी ते दहावीच्या मुलामुलींना संध्याकाळी शिकविते. मुले येतात ती गणित आणि इंग्रजीसाठी. मराठीचे पुस्तक शेवटच्या अर्ध्या तासात उघडले जाते. त्या अर्ध्या तासात जे दिसले आणि आपल्या मराठीच्या वर्गात गुरुजनांनी जे शिकविले, त्या दोहोंचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे.

हे वय अवघड का?

रवींद्रनाथ ठाकुरांची ‘छुट्टी’ ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. फटिक नावाचा खेड्यातील खोडकर मुलगा मामाबरोबर कलकत्त्याला शिकावयास जातो. मामीच्या घरात तो कोणालाच नको असतो. सुट्टी कधी लागेल आणि आपण आईकडे कधी जाऊ, याच ध्यासात तो आजारी पडतो. या कथेत रवींद्रनाथ मध्येच थांबून या वयाच्या मुलाची अवस्था सांगतात. लहान मुलाचे कौतुक होते, मोठ्या माणसाला मान मिळतो, आणि मधल्या वयाच्या वाट्याला दोन्ही येत नाही.

असा मुलगा जेव्हा आपल्याच वयाच्या मुलाची गोष्ट वाचतो, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडते. राजाची किंवा म्हाताऱ्याची गोष्ट तो शांतपणे ऐकतो, कारण ती दूरची असते. आपल्या वयाच्या मुलाची गोष्ट आली की वर्गात हसू फुटते, कोपराने ढोसणे सुरू होते, कोणी कोणाच्या तरी नावाने खाकरतो. शिक्षकाला वाटते, मुले टवाळ आहेत. मला मात्र असे दिसून आले की, ज्या ओळीला वर्ग हसतो त्या ओळीत बहुधा कोणाला तरी स्वतःची ओळख पटलेली असते. ते हसू म्हणजे एक आडोसा आहे. पात्राचा अभ्यास सुरू करण्याची खरी जागा तीच होय.

गोष्ट सांगतो कोण?

पहिली गोष्ट जी शिकविली पाहिजे ती ही की, गोष्टीतला मुलगा आणि गोष्ट सांगणारा माणूस हे एक नसतात. मग दोघेही ‘मी’ म्हणत असले तरी.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या वेळी ते तेहेतीस वर्षांचे होते आणि त्यांची आई केव्हाच हे जग सोडून गेली होती. पोहावयास जाण्याची भीती वाटून श्याम माळ्यावर लपून बसतो, आई त्याला मारून बाहेर काढते, आणि मागाहून त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी येते. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. परीक्षेतील उत्तर असे असते : आईने श्यामला धीट बनविले. ते खोटे नाही. पण ते उत्तर मोठ्या श्यामचे आहे. माळ्यावर लपलेल्या श्यामला त्या क्षणी काय वाटत होते? मित्र खाली हाका मारीत आहेत, आपण भित्रे ठरणार आहोत, आणि जी आई एरवी पाठीशी घालते तीच आज हातात शिंपटी घेऊन उभी आहे. हे लहान श्यामचे दुःख आहे. ते मोठ्या श्यामच्या कृतज्ञतेखाली झाकले गेले आहे, पण पुसलेले नाही.

यासाठी आम्ही एक साधा उपाय करतो. वहीचे पान मध्यभागी रेघ मारून दुभागावयाचे. डावीकडे ‘तेव्हाच्या मुलाला काय वाटले’ आणि उजवीकडे ‘आता सांगणाऱ्याला काय वाटते’. आठवीतील मुलेसुद्धा हे दहा मिनिटांत करतात. मग त्यांच्या ध्यानात येते की काही पुस्तकांत उजवी बाजू भरगच्च असते आणि काहींत जवळजवळ कोरी. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ (१९९४) या संग्रहात आजी-आजोबांकडे राहणारा लंपन आपल्याच वयाच्या भाषेत बोलतो. मोठेपणीचा शहाणपणा तो मध्ये येऊ देत नाही. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ (२००४) मध्ये नववीतील मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळातील आपले वर्ष सांगतो. त्यालाही पुढचे काहीच ठाऊक नाही. अशा पुस्तकांत उजवी बाजू वाचकाला स्वतःच भरावी लागते, आणि हे काम अवघड असले तरी मुलांना ते अतिशय आवडते. नायकाला जे कळलेले नाही ते आपल्याला कळले, याचा त्यांना अभिमान वाटतो.

चार प्रश्न

दुसरी गोष्ट म्हणजे विशेषणांऐवजी प्रश्न. आम्ही चार प्रश्नांवर येऊन थांबलो. या पात्राला काय हवे आहे? त्याच्या आड कोण किंवा काय येते? ते काय लपविते, आणि कोणापासून? शेवटी काय बदलले आणि काय होते तसेच राहिले?

आनंद यादवांची ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्यातील एक भाग ‘जूझ’ या नावाने बारावीच्या हिंदी पूरक वाचनाच्या पुस्तकातही गेला, त्यामुळे तो देशभरच्या मुलांनी वाचला. या भागाला वरील चार प्रश्न लावून पाहू.

आनंदाला शाळेत जावयाचे आहे. वडिलांनी त्याला पाचवीतून काढून शेतात जुंपले आहे. म्हणजे त्याच्या आड वडील येतात, असे मुले चटकन सांगतात. येथे थांबू नये. वडिलांना काय हवे आहे, हेही विचारावे. मुलगा राबला की बापाला गावात मोकळे हिंडता येते, हे पुस्तकातच आहे. शेताला हात कमी पडतात, हेही खरे. आमच्या वर्गातील नववीच्या एका मुलाने उत्तर दिले, “त्याले बापाचा राग न्हाई सर्वा, त्याले बापाचं भेव हाये. राग त त्याले शेताचा हाये.” हे उत्तर कोणत्याही गाइडात सापडणार नाही. तो मुलगा स्वतः शाळा सुटल्यावर सोयाबीनच्या हंगामात मजुरीला जातो. त्याने स्वतःबद्दल एक शब्दही सांगितला नाही, आणि तरी पुष्कळ सांगितले.

तिसरा प्रश्न सर्वांत फलदायी ठरतो. आनंदा आणि त्याची आई गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव यांच्याकडे जातात, गाऱ्हाणे सांगतात, आणि आम्ही आलो होतो हे वडिलांना कळू देऊ नका अशी विनंती करतात. थोडक्यात, माय-लेक मिळून लपवाछपवी करतात. आता ‘प्रामाणिक’ या विशेषणाचे काय करावयाचे? वर्गात यावर खरा वाद झाला. काहींच्या मते खोटे ते खोटेच. काहींच्या मते ज्या घरात खरे बोलण्याची सोय नाही तेथे दुसरा मार्गच नसतो. ‘श्यामची आई’मध्येही पुस्तकासाठी पैसे चोरणारा श्याम आहे. तेव्हा कुमारवयीन पात्राचे खोटे किंवा चोरी दिसली की निकाल देण्याची घाई करू नये. कोणत्या गरजेपोटी ते घडले, ते आधी शोधावे. समजून घेणे म्हणजे माफ करणे नव्हे, एवढे मुलांना नीट कळते.

चौथा प्रश्न शेवटाचा. आनंदाला शाळा मिळते, पण सकाळी शेत आणि शाळेनंतर गुरे ही अट तशीच राहते. त्याच वर्गात आपल्याहून लहान मुलांबरोबर बसावे लागते, टिंगल सोसावी लागते. पुढे वसंत पाटील या हुशार मुलाची सोबत मिळते, कविता गाऊन शिकविणारे सौंदलगेकर मास्तर मिळतात, आणि म्हशीच्या पाठीवर काडीने कविता लिहिणारा एक मुलगा घडू लागतो. ‘जिद्दी’ हा शब्द येथे लिहावयास हरकत नाही, कारण आता त्या शब्दाच्या मागे इतके पुरावे उभे आहेत.

पुरावा हा शब्द मी मुद्दाम वापरला. प्रत्येक उत्तराला ‘पुस्तकातली जागा दाखव’ अशी आमची अट असते. मुलांना ती पटवून देण्यासाठी मी आपल्या सरोवराचे उदाहरण देते. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा काठावर उभे राहून ज्याने त्याने आपापला तर्क सांगितला. मग पाण्याचे नमुने तपासले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव हे त्या रंगाचे कारण असल्याचे सांगितले. काठावरून रंग दिसतो. कारण समजण्यासाठी खाली उतरून ओंजळभर पाणी घ्यावे लागते. विशेषणे ही काठावरची असतात.

पात्राच्या पायाखालची जमीन

मुले पात्राचा स्वभाव म्हणजे जन्मजात काहीतरी आहे असे धरून चालतात. ते कोणत्या घरात, जातीत, गावात उभे आहे याचा हिशेब करीत नाहीत. यासाठी दोन कृती शेजारी ठेवाव्यात. ‘शाळा’तील मुकुंदला वर्गातील शिरोडकर आवडते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातील जब्याला वर्गातील शालू आवडते. दोघे जवळपास एकाच वयाचे, दोघेही मुलीशी धड बोलू न शकणारे. मग फरक कोठे आहे? मुकुंदला भीती आहे ती घरच्यांची, शाळेची आणि बदनामीची. जब्या कैकाडी कुटुंबातील आहे, आणि गावातील डुकरे पकडण्याचे काम त्याच्या घरावर येते. ते काम करताना शालूने आपल्याला पाहू नये, यासाठी त्याची धडपड चालते. एकाला आपले प्रेम लपवावयाचे आहे, तर दुसऱ्याला आपले सारे जगणेच. हा फरक मुलांनी स्वतः शोधला की जातीवरील दहा निबंधांचे काम होते. चित्रपटाच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड कोणाला लागला, या प्रश्नावर आमच्याकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. तसे न बोलणे हेही उत्तर म्हणून मान्य केले पाहिजे.

मुलींचे काय?

आतापर्यंतची उदाहरणे बहुतेक मुलग्यांची आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. आपल्या साहित्यातील कुमार घराबाहेर पडतो, विहिरीत उडी घेतो, शाळेसाठी झगडतो. कुमारी मात्र पुष्कळदा लग्नाच्या बोहल्यावरच भेटते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतील यमुना आपल्या बालपणापासून वैधव्यापर्यंतची कहाणी स्वतः सांगते. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे करणारा कायदा झाला आणि त्यावर महाराष्ट्र पेटून उठला होता. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकात पैशाच्या लोभाने बाप कांचनभट आपल्या मुलीचे लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवितो. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक ‘सारडा कायदा’ म्हणत, ते हरबिलास सारडा यांच्या नावावरून. नाटकातील शारदेशी त्या नावाचा संबंध नाही. त्या कायद्याने मुलीसाठी चौदा वर्षांची मर्यादा घातली. ती १९७८ साली अठरा झाली, आणि २००६ च्या कायद्यातही अठराच आहे.

हा इतिहास सांगून झाल्यावर मी शारदेला तेच चार प्रश्न लावावयास सांगितले. पहिल्याच प्रश्नाला दहावीतील एका मुलीने उलट प्रश्न केला : “तिले काय पाहिजे, हे तिले कोनी इचारलं होतं का?” पुस्तकात शोधावयाचे तेच होते. शारदेचा बाप बोलतो, दलाल भद्रेश्वर दीक्षित बोलतो, म्हातारा नवरदेव बोलतो. तिची मनःस्थिती कळते ती आईशी आणि मैत्रिणींशी होणाऱ्या बोलण्यातून. आणि तिची सुटका होते ती तिच्या ‘नको’ला मान देऊन नव्हे, तर वधूवर एकाच गोत्राचे आहेत हे उघडकीस आले म्हणून. एवढे मुलींनी स्वतः काढले. मग त्यांच्यात जे बोलणे सुरू झाले ते नाटकावरच होते, निदान नाव तरी नाटकाचेच होते. ‘पोरीची बाजू घेणारी आई एवढी दुबळी का?’, ‘कोदंड आला नसता तर?’, ‘तिला शिकवलं असतं तर तिनं काय केलं असतं?’

आपल्या भागात दहावीनंतर किती मुली वर्गातून दिसेनाशा होतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. कोणाचे लग्न ठरते, कोणाला घरच्यांबरोबर ऊसतोडीला जावे लागते, कोणाच्या गावाहून एस.टी.ची वेळ जुळत नाही. त्या दहावीतील मुलीला मी ‘तुझ्या घरी काय चालले आहे?’ असे विचारले असते तर तिने मान खाली घातली असती. शारदेच्या नावाने ती अर्धा तास बोलली, आणि पुढच्या आठवड्यात अकरावीचा अर्ज कोठे मिळतो, हे विचारावयास आली. पुस्तकामुळेच असे घडले असा दावा मी करीत नाही. पण जो प्रश्न घरात उच्चारता येत नाही तो उच्चारण्याचा सराव तिला या निमित्ताने झाला, एवढे निश्चित.

उत्तर कोणत्या भाषेत?

वर मी मुलांची उत्तरे त्यांच्याच बोलीत दिली आहेत. ‘कष्टाळू’ हा शब्द मुलांना परीक्षेपुरता येतो. ‘बापाचं भेव’ हा अनुभवातून येतो. वऱ्हाडी बोली साहित्यात चालत नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासमोर उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ठेवावी. कौतिक आणि तिची मुले आपल्याच बोलीत बोलतात, आणि ती कादंबरी मराठीतील उत्तम कादंबऱ्यांत गणली जाते. आपल्या जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही याच मातीतील शिकलेल्या बेकार तरुणाच्या कहाणीला. म्हणून आमच्याकडे विचार बोलीत करावयाचा, वाद बोलीत घालावयाचा, आणि मग सर्वांनी मिळून उत्तर प्रमाण मराठीत उतरवावयाचे असा क्रम ठेवला आहे. यात परीक्षेचेही नुकसान नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ विचारले जाते. ज्याला स्वतःचे मत असते त्याला ते लिहिता येते.

काही पथ्ये

या पद्धतीत धोकेही आहेत. पहिला धोका असा की, शिक्षकाने उत्साहाच्या भरात ‘तुमच्या जीवनात असे घडले आहे काय?’ असा प्रश्न भर वर्गात विचारावा. तो कधीही विचारू नये. पात्र हा मुलांचा आडोसा आहे. तो आपण ओढून काढला तर मुले पुन्हा चार विशेषणांच्या मागे जाऊन लपतील. कोणी आपण होऊन सांगितले तर ऐकावे, आणि ते चारचौघांत फिरू नये याची काळजी घ्यावी. दुसरा धोका, पात्राचा आदर्श करून मुलांच्या डोक्यावर मारण्याचा. ‘आनंदा एवढ्या हालअपेष्टांत शिकला, मग तुम्हाला काय धाड भरली?’ असे म्हटले की आनंदा मुलांचा शत्रू होतो. तिसरा धोका मोठ्यांच्या घाईचा. मुले उत्तरापूर्वी गप्प बसतात. तो वेळ आपण बडबडीने भरून टाकतो.

वेळ कोठून आणावा, असे कोणी विचारील. वर्षातून एखादे पात्र जरी अशा रीतीने वाचले गेले तरी पुरे आहे. पुढची मुले स्वतः वाचतात.

शेवटी माझ्या वर्गबंधुभगिनींना एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी जण उद्या डी.एड., बी.एड. करून शिक्षक होण्याचे स्वप्न बाळगून आहेत, आणि पुष्कळ जण आजच शेजारच्या मुलांना शिकवीत आहेत. आपण स्वतः त्या वयातून बाहेर पडून फार तर तीन-चार वर्षे झाली आहेत. श्यामचे माळ्यावर लपणे आणि आनंदाचे भेव आपल्याला आठवते. आपल्या आदरणीय गुरुजनांना ते आठवण्यासाठी थोडे प्रयास पडतील. म्हणून हे काम आपल्याला अधिक सोपे आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आपल्या कार्डावर एक ‘झोंबी’ किंवा एक ‘शाळा’ घरी न्यावी, गल्लीतील चार मुले जमवावीत, एक प्रकरण मोठ्याने वाचावे आणि एवढेच विचारावे : याला काय हवे आहे रे? मग आपण गप्प बसावे.